प्रवेशिका कोण भरणार? ली झी जिया आणि मलेशियाची बॅडमिंटन संघटना, जानेवारी २०२२

२१ जानेवारी २०२२ रोजी मलेशियाच्या बॅडमिंटन संघटनेने जाहीर केले की, आपला अव्वल पुरुष एकेरी खेळाडू ली झी जिया याचे नाव पुढील दोन वर्षे जागतिक महासंघाच्या कोणत्याही स्पर्धेसाठी पाठवले जाणार नाही. त्या वेळी झी जिया जागतिक क्रमवारीत सातवा होता आणि दहाच महिन्यांपूर्वी त्याने ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकली होती. त्याने उत्तेजक द्रव्य घेतले नव्हते, सामना विकला नव्हता किंवा पंचांशी हुज्जतही घातली नव्हती. नोकरदार माणूस कार्यालयात राजीनाम्याचा कागद देतो तसा त्याने राष्ट्रीय सराव संघाचा राजीनामा दिला होता आणि यापुढे स्वतःचा प्रशिक्षक, स्वतःचे प्रायोजक आणि स्वतःचे वेळापत्रक घेऊन खेळायचे ठरवले होते. चार दिवसांनी, २५ जानेवारीला, ही बंदी उठवण्यात आली.

ज्या शिक्षेची मुदत दोन वर्षांची होती ती चार दिवसांत का गळून पडली, हा या प्रकरणातला वरवरचा प्रश्न आहे. ती शिक्षा देण्याचा अधिकार संघटनेकडे मुळात कुठून आला आणि बंदी उठल्यानंतर तो गेला की तसाच राहिला, हा त्याखालचा प्रश्न आहे. खेळाडू परदेशी लीगमध्ये खेळतो की स्वतंत्रपणे जागतिक मालिकेत, प्रशिक्षण दुबईत घेतो की क्वालालंपुरात, अशा प्रत्येक तंट्यात अखेरीस याच अधिकाराशी गाठ पडते. म्हणून हे एक प्रकरण थोडे बारकाईने पाहण्याजोगे आहे.

एका अर्जाची ताकद

टेनिसपटू आपले नाव स्पर्धेसाठी स्वतः नोंदवतो. त्याच्या देशाच्या टेनिस संघटनेला त्यात विचारावे लागत नाही. बॅडमिंटनमध्ये तसे नाही. जागतिक बॅडमिंटन महासंघाच्या नियमांनुसार आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या प्रवेशिका सदस्य संघटनांमार्फतच जातात. खेळाडू जगात पहिला असो वा पाचशेवा, त्याच्या देशाच्या संघटनेने यादीत त्याचे नाव घातल्याखेरीज त्याला ड्रॉमध्ये जागा मिळत नाही. त्यामुळे मलेशियन संघटनेला झी जियावर आरोपपत्र ठेवण्याची, चौकशी करण्याची किंवा जागतिक महासंघाची परवानगी मागण्याची गरजच नव्हती. अर्जात एक ओळ लिहायची नाही, एवढेच तिला करायचे होते. वृत्तपत्रांनी 'बंदी' हा शब्द वापरला आणि परिणामाच्या दृष्टीने तो बरोबरही होता. पण प्रत्यक्षात ही कृती नव्हतीच, कृती करण्यास दिलेला तो नकार होता. म्हणूनच तिच्याविरुद्ध दाद कुणाकडे मागायची, हे सांगणे अवघड होते.

यातली विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. जागतिक महासंघ क्रमवारीतल्या पहिल्या पंधरा एकेरी खेळाडूंना वरच्या श्रेणीच्या ठरावीक स्पर्धा खेळणे सक्तीचे करतो आणि वैध कारणाविना स्पर्धा चुकवली तर दंड आकारतो. सातव्या क्रमांकाच्या खेळाडूला एकीकडून 'खेळलेच पाहिजे' असा नियम बांधतो आणि दुसरीकडून 'नाव पाठवणार नाही' असा निर्णय अडवतो, तेव्हा त्याने नेमके कोणाचे ऐकायचे, याचे उत्तर नियमावलीत नाही. तिथे खेळाडूचा व्यवसाय गृहीत धरला आहे, पण त्या व्यवसायाचे दार उघडण्याचा हक्क मात्र तिसऱ्याकडे आहे.

क्वालालंपुरातली व्यवस्था

मलेशियन संघटनेची बाजू समजून घ्यायची तर तिथे खेळाडू कसा घडतो हे पाहावे लागते. भारतात होतकरू खेळाडू हैदराबादच्या किंवा बंगळुरूच्या खासगी अकादमीत जातो आणि राष्ट्रीय शिबिर हा त्याच्या आयुष्याचा एक भाग असतो. मलेशियात राष्ट्रीय केंद्र हेच आयुष्य असते. बुकित जलील येथील क्रीडा शाळेतून किशोरवयात निवडलेली मुले पुढे क्वालालंपूरच्या बुकित कियारा येथील राष्ट्रीय अकादमीत दाखल होतात. निवास, आहार, प्रशिक्षक, फिजिओ, सरावातले जोडीदार, विमानाची तिकिटे हे सगळे संघटना पाहते. त्या बदल्यात खेळाडू संघटनेच्या करारात असतो. कोणत्या स्पर्धेला जायचे, कुठली टाळायची, अंगावर कोणाचे बोधचिन्ह लावायचे आणि कोणत्या लीगमध्ये खेळायला सुट्टी मिळायची, हे संघटना ठरवते. संघटनेचे उत्पन्न मुख्यतः प्रायोजकांकडून येते आणि प्रायोजक येतात ते पहिल्या दहांतल्या एकदोन चेहऱ्यांसाठी. तो चेहराच निघून गेला तर खाली सराव करणाऱ्या साठसत्तर मुलांचा खर्च कशाच्या आधारावर चालवायचा, ही संघटनेची भीती निराधार म्हणता येणार नाही.

झी जिया हा याच व्यवस्थेचे फळ. केडा राज्यातल्या आलोर सेतारचा हा मुलगा २९ मार्च १९९८ चा. ली चोंग वेई निवृत्त झाल्यावर मलेशियाच्या एकेरीचा सगळा भार त्याच्या खांद्यावर आला. ज्या देशाला बॅडमिंटनमध्ये ऑलिंपिकचे सुवर्ण कधीच मिळालेले नाही आणि ज्याच्या सर्वात मोठ्या खेळाडूने २००८, २०१२ आणि २०१६ अशी सलग तीन ऑलिंपिक रौप्यपदके मिळवली, त्या देशात 'पुढचा चोंग वेई' म्हणवून घेणे हे काही सुखाचे नसते. आपल्याकडे सचिननंतर चौथ्या क्रमांकावर फलंदाजीला येणाऱ्याची जी अवस्था झाली असती, तीच इथे कल्पावी. फरक इतकाच की मलेशियात तो खांदेपालट साऱ्या देशाच्या ऑलिंपिक सुवर्णाच्या स्वप्नाला बांधलेला होता.

मार्च २०२१ मध्ये ऑल इंग्लंडच्या अंतिम सामन्यात त्याने गतविजेत्या व्हिक्टर अ‍ॅक्सेलसनला ३०-२९, २०-२२, २१-९ असे हरवले. पहिला गेम नियमाप्रमाणे जिथे संपायलाच हवा त्या टोकापर्यंत गेला होता: २९-२९ वर एकच गुण दोघांनाही पुरणार होता आणि तो झी जियाने घेतला. तिसऱ्या गेममध्ये अ‍ॅक्सेलसन नऊच गुण मिळवू शकला. २०१७ नंतर प्रथमच मलेशियन पुरुषाने ही स्पर्धा जिंकली होती. त्यानंतर अपेक्षांना धरबंध राहिला नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये तो उपउपांत्यपूर्व फेरीत चेन लाँगकडून हरला. पहिला गेम २१-८ असा सहज जिंकून पुढचे दोन त्याने गमावले. डिसेंबरमध्ये स्पेनमधल्या वेल्वा येथील जागतिक स्पर्धेत उपांत्यपूर्व सामना त्याला दुखापतीमुळे अर्ध्यावर सोडावा लागला. जानेवारीच्या पूर्वार्धात राजीनाम्याची बातमी बाहेर आली. दडपण सोसवत नाही आणि सराव आपल्या पद्धतीने करायचा आहे, अशी कारणे चर्चेत आली. आर्थिक बाजूही होतीच: बाहेर पडल्यावर त्याने बॅडमिंटनचे साहित्य बनवणाऱ्या व्हिक्टर या कंपनीशी स्वतःचा करार केला. यात लपवण्यासारखे काही आहे असे मला वाटत नाही. एकेरीच्या खेळाडूची कमाईची वर्षे दहाबारा असतात आणि त्यांतली निम्मी गुडघे-घोट्यांच्या हवाली असतात.

बंदीतली दुसरी व्यक्ती

या निर्णयात झी जियाबरोबर आणखी एक नाव होते आणि चर्चेत ते झाकले गेले. गोह जिन वेई ही २०१५ आणि २०१७ अशी दोनदा कनिष्ठ गटाची जागतिक विजेती, २०१८ च्या युवा ऑलिंपिकची सुवर्णपदक विजेती. २०१९ मध्ये तिच्या मोठ्या आतड्यावर शस्त्रक्रिया होऊन त्याचा भाग काढावा लागला. त्यानंतर राष्ट्रीय केंद्रातला कस शरीराला झेपेना म्हणून २०२१ मध्ये तिने प्रकृतीच्या कारणास्तव संघ सोडला. काही महिन्यांनी प्रकृतीला मानवेल अशा बेताने, क्वालालंपूरमधल्या एका क्लबच्या आधाराने, ती परतू पाहत होती. संघटनेचे म्हणणे असे की, आजारपणाचे कारण सांगून बाहेर पडलेल्या खेळाडूने लगेच दुसरीकडून खेळणे हे सवलतीचा गैरफायदा घेण्यासारखे आहे. म्हणून तिलाही दोन वर्षे.

झी जियाच्या बाबतीत संघटनेचा राग निदान समजू शकतो. ज्याच्यावर सर्वाधिक खर्च केला तोच भर बहरात निघून गेला. पण जिन वेईला लावलेल्या शिक्षेने हे उघड केले की, प्रश्न झालेल्या नुकसानाच्या भरपाईचा नव्हताच. तसा असता तर करारात रक्कम ठरवता आली असती, प्रशिक्षणखर्चाचा काही हिस्सा मागता आला असता, किंवा बक्षिसाच्या रकमेत ठरावीक वाटा लावून घेता आला असता. अशा कुठल्याही आकड्याऐवजी संघटनेने काळ मागितला, आणि तोही दोघांकडून सारखाच. एकवीस वर्षांच्या, शस्त्रक्रियेतून सावरणाऱ्या मुलीची दोन वर्षे आणि तेवीस वर्षांच्या ऑल इंग्लंड विजेत्याची दोन वर्षे यांचे मोल एक नसते. हा निर्णय आत राहिलेल्या मुलांनी वाचावा म्हणून लिहिलेला होता.

चार दिवस

प्रतिक्रिया देशाबाहेरूनही उमटली. अ‍ॅक्सेलसनने झी जियाची बाजू जाहीरपणे घेतली, आणि त्याच्या बोलण्याला वजन होते, कारण तो स्वतः काही महिन्यांपूर्वीच कोपनहेगनजवळचे राष्ट्रीय सराव केंद्र सोडून दुबईला राहायला गेला होता. डॅनिश संघटनेला ते रुचले असेल-नसेल. पण तिने त्याचे नाव यादीतून काढले नाही. तो दुबईत सराव करत राहिला आणि डेन्मार्कच्या नावाने जिंकत राहिला. हे उदाहरण समोर असताना मलेशियन संघटनेला 'अन्यथा व्यवस्था कोसळेल' असे म्हणणे जड गेले. देशातही जनमत झपाट्याने फिरले. दोन्ही खेळाडूंनी अपील केले, संघटनेच्या परिषदेसमोर आपले म्हणणे मांडले आणि २५ जानेवारीला बंदी मागे घेतली गेली.

त्या काळात संघटनेचे अध्यक्ष नोरझा झकारिया हे मलेशियाच्या ऑलिंपिक परिषदेचेही अध्यक्ष होते, ही गोष्ट सहसा टिपणांत येत नाही. म्हणजे जागतिक मालिकेचे दार आणि ऑलिंपिकचे दार, दोन्हींच्या किल्ल्या एकाच जुडग्यात होत्या. माघार कोणत्या एका कारणाने घेतली गेली असे सांगता येणार नाही, पण हिशेब करायला बसले तर तो सोपा होता. दोन वर्षे म्हणजे जानेवारी २०२४ पर्यंत, आणि पॅरिस ऑलिंपिकची पात्रता मोजण्याचे वर्ष मे २०२३ पासून सुरू होणार होते. बंदी पाळली असती तर झी जियाचे क्रमवारीतले गुण शून्यावर येऊन पॅरिसची वाट जवळपास बंद झाली असती. पदकाची सर्वात मोठी आशा स्वतःच्या हाताने मोडल्याचे उत्तर मग संघटनेलाच द्यावे लागले असते.

तडजोडीचा गाभा साधा होता: खेळाडूने स्वतंत्र राहावे, खर्च स्वतःचा स्वतः करावा आणि देशाने सांघिक स्पर्धांसाठी बोलावले की यावे. प्रवेशिका पूर्वीप्रमाणे संघटनाच पाठवील.

पुढे काय झाले

महिन्याच्या आत, फेब्रुवारी २०२२ मध्ये, शाह आलम येथे आशियाई सांघिक स्पर्धा झाली. झी जिया मलेशियाकडून पहिला एकेरी सामना खेळला आणि मलेशियाने इंडोनेशियाला ३-० असे हरवून ती जिंकली. मार्चमध्ये तो ऑल इंग्लंडला गतविजेता म्हणून उतरला आणि उपांत्य फेरीत लक्ष्य सेनने त्याला २१-१३, १२-२१, २१-१९ असे हरवले. भारतीय वाचकांना तो सामना लक्ष्यच्या नावाने आठवतो; पण जानेवारीतला निर्णय टिकला असता तर तो सामना झालाच नसता. १ मे रोजी मनिला येथे झी जियाने जोनाटन ख्रिस्तीला हरवून आशियाई विजेतेपद घेतले. त्यानंतर पंधरवड्याच्या आत बँकॉकमध्ये थॉमस चषक या पुरुषांच्या जागतिक सांघिक स्पर्धेची उपांत्यपूर्व लढत: मलेशिया विरुद्ध भारत. झी जियाने लक्ष्यला २३-२१, २१-९ असे हरवून मलेशियाला आघाडी दिली. पुढच्या दुहेरीत सात्त्विकसाईराज आणि मुंबईचा चिराग शेट्टी यांनी गोह झे फेई व नूर इज्जुद्दीन यांना हरवून बरोबरी साधली, आणि अखेर प्रणॉयने पाचवा सामना जिंकून भारताला ३-२ असे पुढे नेले. भारताने तीन दिवसांनी तो चषकच जिंकला. मलेशियाचे काम त्या दिवशी अपुरे पडले ते बाहेर पडलेल्या खेळाडूमुळे नव्हे. त्याने आपला गुण चोख दिला होता.

मात्र हे चित्र एकाच रंगात रंगवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेतून झी जियाने माघार घेतली आणि जागतिक स्पर्धेच्या तयारीला प्राधान्य दिले. मलेशियाने मिश्र सांघिक सुवर्ण त्याच्याशिवाय जिंकले, तेही अंतिम फेरीत भारताला ३-१ असे हरवून. एकेरीच्या अंतिम सामन्यात लक्ष्यसमोर उभा राहिला तो राष्ट्रीय केंद्रातला एन्ग झे योंग, आणि त्याने तीन गेम झुंज दिली. संघटनेतल्या ज्यांना 'स्वतंत्र खेळाडू सोयीनुसार देशासाठी खेळतो' असे म्हणायचे होते त्यांना इथे पुरावा मिळाला. आणि 'एक गेला म्हणून व्यवस्था कोसळत नाही, खालून दुसरा येतो' असे म्हणणाऱ्यांनाही त्याच निकालात पुरावा मिळाला. स्वातंत्र्य मिळाल्यावरही झी जियाची वाट सरळ नव्हती: प्रशिक्षक बदलले, मधल्या काळात निकाल घसरले. ५ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये कांस्यपदकाच्या सामन्यात त्याने लक्ष्यला १३-२१, २१-१६, २१-११ असे हरवले. लक्ष्यच्या उजव्या कोपरातून रक्त येत होते, पुन्हा पुन्हा पट्टी बांधावी लागत होती, आणि दुसऱ्या गेममध्ये ८-३ अशी आघाडी त्याच्याच हाती होती. ती निसटली ती निसटलीच.

लीगचा मुद्दा याच्याशी कसा जोडला आहे

झी जियाने लीगसाठी संघ सोडला नव्हता. तरीही परदेशी लीगचा वाद याच प्रकरणाच्या शेजारी ठेवून पाहावा लागतो, कारण दोन्हीकडे भांडण खेळाडूच्या दिवसांवर असते. वर्षाचे दिवस तीनशे पासष्ट. त्यांतले किती जागतिक मालिकेला, किती देशाला, किती विश्रांतीला आणि किती पैसे देणाऱ्या लीगला द्यायचे, हे कोणी ठरवायचे? ऑगस्ट २०१३ मध्ये इंडियन बॅडमिंटन लीगचा पहिला हंगाम भरला तेव्हा मुंबई मास्टर्सने ली चोंग वेईला १,३५,००० डॉलरना घेतले, ती त्या लिलावातली सर्वात मोठी बोली होती. ११ ऑगस्टला ग्वांगझू येथील जागतिक अंतिम सामन्यात पायांत गोळे येऊन त्याला स्ट्रेचरवरून बाहेर न्यावे लागले, आणि १४ ऑगस्टला लीग सुरू झाली. त्या तीन दिवसांत देशाची संघटना, लीगचा मालक आणि खेळाडूचा डॉक्टर यांच्यापैकी प्रत्येकाला त्याच्या पायांबद्दल मत असणे स्वाभाविक होते. करारबद्ध खेळाडूच्या बाबतीत त्यांतल्या पहिल्याचे मत निर्णायक ठरते. स्वतंत्र खेळाडूच्या बाबतीत तसे होत नाही. संघटनांना स्वतंत्र खेळाडू का खुपतो, त्याचे खरे कारण मला हे वाटते.

आपल्याकडे हेच भांडण आणखी गुंतागुंतीचे झाले, कारण लीग राष्ट्रीय संघटनेचीच होती. वर्ध्यात जन्मलेली दुहेरीची खेळाडू ज्वाला गुट्टा ही त्या हंगामात दिल्ली संघाची कर्णधार होती. लिलावाआधी महिला दुहेरीचा सामनाच लीगमधून काढण्यात आला आणि तिची व तिची जोडीदार अश्विनी पोनप्पा हिची पायाभूत किंमत ५०,००० डॉलरवरून २५,००० वर आणली गेली. ज्वालाने त्याबद्दल उघडपणे नाराजी बोलून दाखवली. पुढे २५ ऑगस्टला बंगळुरूच्या संघाने जखमी हू युनच्या जागी यान यॉर्गेनसनला उतरवायचे ठरवले तेव्हा दिल्ली संघाने हरकत घेतली आणि लढत लांबली. दोन परदेशी खेळाडूंच्या अदलाबदलीवरचा हा लीगमधला तंटा. पण त्याची शिक्षा म्हणून संघटनेच्या शिस्तपालन समितीने आजन्म बंदीपर्यंतची शिफारस केली, म्हणजे लीगमधल्या वादाचा दंड देशाच्या जर्सीतून वसूल व्हायचा होता. ऑक्टोबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन तिला स्पर्धांमध्ये खेळू देण्यास सांगितले. पुढच्याच वर्षी तिने अश्विनीबरोबर ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. मलेशियात जे काम जनमताने केले ते भारतात न्यायालयाला करावे लागले. किल्ली मात्र तीच होती.

क्रिकेटमधले उदाहरण अनेकांना अधिक जवळचे वाटेल. भारतीय मंडळ आपल्या खेळत्या पुरुष क्रिकेटपटूंना परदेशी ट्वेन्टी-२० लीगमध्ये जाऊ देत नाही. मुंबईचा प्रवीण तांबे २०१८ मध्ये आखातातल्या टी-१० लीगमध्ये खेळला. पुढे डिसेंबर २०१९ च्या लिलावात कोलकात्याने त्याला २० लाखांना घेतले, तरी त्या जुन्या लीगमुळे तो आयपीएलसाठी अपात्र ठरला. अठ्ठेचाळीसाव्या वर्षी तो कॅरेबियन लीगमध्ये खेळला. त्याच मंडळाने सांगलीच्या स्मृती मानधनाला मात्र ऑस्ट्रेलियाच्या बिग बॅशमध्ये आणि इंग्लंडच्या हंड्रेडमध्ये खेळू दिले. परदेशी लीगमुळे खेळाडूची निष्ठा किंवा तंदुरुस्ती बिघडते हे कारण खरे असते तर ते पुरुषांपुरते खरे कसे? जिथे स्वतःच्या लीगचे मोल राखायचे असते तिथे दार बंद होते आणि जिथे ते मोल अजून उभे राहिलेले नसते तिथे उघडे राहते, असाच त्याचा अर्थ निघतो.

कायद्याची नजर

अशा शिक्षांकडे न्यायालयांनी पूर्वीही संशयाने पाहिले आहे. केरी पॅकरच्या खासगी मालिकेत खेळणाऱ्या क्रिकेटपटूंवर बंदी घालण्याचा प्रयत्न १९७७ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात टिकला नाही. खेळाडूच्या व्यवसायावर घातलेला तो अवाजवी निर्बंध ठरला. अलीकडे, डिसेंबर २०२३ मध्ये, युरोपीय न्यायालयाने आंतरराष्ट्रीय स्केटिंग महासंघाच्या बाबतीत तसाच सूर लावला: परवानगी नसलेल्या शर्यतीत भाग घेणाऱ्या स्केटरला जबर शिक्षेची भीती घालणारे नियम स्पर्धाकायद्याशी विसंगत ठरवले. दोन्ही ठिकाणी न्यायालयाने महासंघाला नियमन करण्याचा अधिकार नाकारला नाही. ज्याचा स्वतःचा त्या बाजारात धंदा आहे त्याने प्रतिस्पर्ध्याला परवानगी नाकारताना स्पष्ट आणि प्रमाणबद्ध कारणे द्यावीत, एवढेच म्हटले. पण हे दोन्ही निकाल लेखी नियमांवरचे होते. मलेशियात संघटनेने फक्त अर्ज भरायचा नाही असे ठरवले, आणि न भरलेल्या अर्जाविरुद्ध युक्तिवाद उभा करणे हे नियमाविरुद्ध लढण्यापेक्षा कठीण असते.

म्हणूनच २५ जानेवारीच्या तडजोडीला मी विजय म्हणायला कचरतो. दोन खेळाडूंची सुटका झाली; व्यवस्था जिथली तिथे राहिली. खेळाडूने स्वतंत्र व्हायचे तर किती वर्षांच्या सेवेनंतर, प्रशिक्षणखर्चापोटी किती भरपाई देऊन, सांघिक स्पर्धांसाठी किती दिवस राखून, आणि वाद झाल्यास कोणत्या त्रयस्थ लवादापुढे जाऊन, या चारही प्रश्नांची उत्तरे करारात आधीच लिहिता आली असती. सातव्या क्रमांकाच्या खेळाडूसाठी जग बोलले म्हणून चार दिवसांत दार उघडले. एकशे सत्तराव्या क्रमांकावरचा मुलगा त्याच जागी असता तर त्याच्यासाठी अ‍ॅक्सेलसन बोलला नसता.

तेव्हापासून क्वालालंपूरमध्ये राजीनामे नवलाचे राहिलेले नाहीत. बँकॉकमध्ये सात्त्विक-चिरागकडून हरलेली गोह झे फेई आणि नूर इज्जुद्दीन ही जोडी २०२४ च्या सुरुवातीला राष्ट्रीय केंद्रातून बाहेर पडली आणि स्वतंत्रपणे खेळू लागली. त्यांच्यावर बंदी आली नाही. त्यांचे प्रशिक्षक, प्रायोजक आणि तिकिटे आता त्यांची त्यांची आहेत. प्रत्येक स्पर्धेपूर्वी त्यांची नावे मात्र अजूनही संघटनाच पाठवते.